काळ्या यादीतले पत्ते आणि थांबलेली लोकल

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळचे दहा वाजून गेले होते. करोनाचे दिवस. लोकलमध्ये सर्वसामान्यांना अजून प्रवेश नव्हता. ओळखपत्र दाखवून चढणारे बहुतेक जण अत्यावश्यक सेवेतले होते: परिचारिका, वॉर्डबॉय, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, पालिकेचे कर्मचारी. डोंबिवली, कोपर, दिवा करत ठाण्याकडे जाणारी मध्य रेल्वेची वाहतूक ठप्प झाली. डब्यातले पंखे थांबले आणि मास्कच्या आत घाम साचू लागला. थोड्याच वेळात फोनवरून कळले, की वीज फक्त रेल्वेची गेलेली नाही. मुंबईसह ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातली वीज एकदम गेली होती. मुख्य मार्गावरची वाहतूक सुरू व्हायला दुपारचे बारा वाजून गेले.

रुग्णालयांत जनरेटर सुरू झाले. अतिदक्षता विभागात तेव्हा करोनाचे रुग्ण व्हेंटिलेटरवर होते. मुंबईच्या पालिका आयुक्तांनी रुग्णालयांना किमान आठ तास पुरेल इतके डिझेल जवळ ठेवण्यास सांगितले. त्याच दिवशी मुलुंडमधल्या एका खासगी रुग्णालयात जनरेटरला आग लागली, रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले आणि त्यात एक रुग्ण दगावला. वीज जाणे ही आरोग्याची घटना असते, हे त्या दिवशी कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

साडेचार महिन्यांनी, १ मार्च २०२१ रोजी, या घटनेला वेगळेच वळण लागले. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर विभागाचा प्राथमिक अहवाल ऊर्जामंत्री नितीन राऊत यांच्याकडे सोपवला. त्यात तीन शक्यता मांडल्या होत्या. वीज यंत्रणेच्या सर्व्हरमध्ये १४ ‘ट्रोजन हॉर्स’ घुसवले गेले असावेत. परदेशी सर्व्हरवरून सुमारे ८ जीबी हिशेबाबाहेरचा डेटा आत आला असावा. आणि काळ्या यादीत असलेल्या अनेक आयपी पत्त्यांवरून या सर्व्हरमध्ये लॉगिन करण्याचे प्रयत्न झाले असावेत. केंद्र सरकारने दुसऱ्याच दिवशी वीज जाण्याचा सायबर हल्ल्याशी संबंध नाकारला. त्याकडे पुढे येऊच. मथळे गाजले ते पहिल्या दोन मुद्द्यांचे. तिसरा मुद्दा बहुतेकांनी वाचून सोडून दिला. ही काळी यादी कोण करतो? त्यात पत्ता जातो कसा? आणि अशा पत्त्यावरून कोणी दार वाजवले, तर त्याचा नेमका अर्थ काय? हे प्रश्न वीज केंद्रापुरते नाहीत. कोपरच्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबच्या संगणकालाही ते तितकेच लागू होतात.

खाट क्रमांक चौदा

इंटरनेटवर जोडलेल्या प्रत्येक यंत्राला जगाशी बोलण्यासाठी एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत तो चार आकड्यांचा असतो, उदाहरणार्थ १९२.०.२.१४. (हा आकडा कोणाचाही नाही, असे काही पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत.) पत्ता म्हटले की आपल्याला घराचा पत्ता आठवतो, आणि गैरसमज तिथेच सुरू होतो. आयपी पत्ता घरापेक्षा वॉर्डातल्या खाटेच्या क्रमांकासारखा आहे.

वॉर्डातल्या १४ नंबरच्या खाटेवरच्या रुग्णाचा नमुना सोमवारी प्रयोगशाळेत गेला. बुधवारी रिपोर्ट आला, की कोणत्याही प्रतिजैविकाला दाद न देणारा जंतू आहे. पण तोवर सोमवारचा रुग्ण घरी गेला आहे आणि खाटेवर हर्नियाचा दुसराच माणूस झोपला आहे. ‘१४ नंबरला जंतू आहे’ एवढेच सांगणारा रिपोर्ट या नव्या माणसाला नाहक वेगळ्या खोलीत टाकेल. नमुना कधी घेतला याची वेळ हाती असेल तरच केसपेपरवरून खरा माणूस सापडतो. घरगुती ब्रॉडबँडचा पत्ताही असाच बदलतो. आज तो एका घराकडे असतो, राउटर बंद करून चालू केला की दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

सरकारी रुग्णालयात काम केलेल्यांना पुढची अडचण सांगावी लागणार नाही. कधी कधी एका खाटेवर दोन रुग्ण असतात. इंटरनेटचेही तेच झाले आहे. चार आकड्यांच्या पद्धतीत सुमारे ४३० कोटी पत्तेच शक्य आहेत. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते आले आहेत, भारतात ते बरेच वापरातही आहेत, पण जुन्यांवाचून अजून चालत नाही. त्यामुळे मोबाइल कंपन्या एकाच जुन्या पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात. त्यातला एक फोन बाधित असला, तरी बाहेरच्या जगाला सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. अशा वेळी माणूस शोधायचा तर पत्ता आणि वेळ यांच्या जोडीला ‘पोर्ट’ नावाचा आणखी एक आकडा लागतो. खाट एकच, पण डोके कुठल्या बाजूला होते, अशातला तो प्रकार.

म्हणून ‘हल्ला अमुक देशातून झाला’ हे वाक्य ऐकले की जरा थांबावे. हल्ल्याचा पत्ता तिथला होता, इतकेच त्यातून कळते. त्या पत्त्यावरचे यंत्र बहुधा स्वतःच कोणाचे तरी बळी असते.

दार वाजवणारे

कोपर स्टेशनच्या बाहेर पडून दुकानांवरचे कॅमेरे मोजत चालले, तर दोन्ही हातांची बोटे लवकर संपतील. प्रत्येक कॅमेऱ्याची तार आत कुठेतरी डीव्हीआरच्या डब्यात जाते. मालकाला घरबसल्या मोबाइलवर दुकान बघायचे असते, म्हणून तो डबा इंटरनेटला जोडलेला असतो. आणि बसवणाऱ्याने घाईत पासवर्ड बदललेला नसतो. कारखान्यातून आला तोच राहतो.

२०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामने नेमका याच आळसाचा फायदा घेतला. तो इंटरनेटवर फिरत राही आणि जो डबा सापडेल त्याला कारखान्यातली नावे व पासवर्ड यांच्या साठच्या आसपास जोड्या एकामागून एक लावून पाही. दार उघडले की डबा त्याचा, आणि मग तो डबाही पुढची दारे वाजवू लागे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा बाधित यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अनेकांना उघडेनात. मिरायची एक गंमत अशी, की तो फक्त यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहत असे. डबा बंद करून पुन्हा चालू केला की गेला. पण पासवर्ड तोच असल्याने थोड्या वेळात परत आला. मुलाला जंताचे औषध दिले आणि पिण्याचे पाणी तेच ठेवले, तर दुसरे काय होणार?

संगणकात दुरून शिरण्याचा मार्ग इंटरनेटवर उघडा ठेवला, तर पहिले अनोळखी ठोके काही मिनिटांतच पडू लागतात. त्यात वैयक्तिक वैर काही नसते. हे ठोके यंत्रे मारतात, आणि मोठ्या रुग्णालयात व किराणा दुकानात ती फरक करत नाहीत. ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘रूट’ अशी नावे आणि ‘१२३४५६’सारखे पासवर्ड. याशिवाय दुसरीकडून फुटलेल्या याद्या असतात. कुठल्या तरी खरेदीच्या दुकानातून चोरीला गेलेला ईमेल आणि पासवर्ड रुग्णालयाच्या सर्व्हरवर लावून बघायचा. माणसे एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतात, त्यामुळे चोरलेल्या जुडग्यातली एखादी किल्ली लागतेच.

एकाच पत्त्यावरून पाच-दहा चुकीचे पासवर्ड आले की तो पत्ता काही काळ अडवायचा, ही सोय आता सहज मिळते. ‘फेल-टू-बॅन’ हा त्यासाठीचा जुना, मोफत प्रोग्राम आहे. पण हल्ला करणारेही शिकले. आता हजारो बाधित यंत्रे प्रत्येकी दोन-तीनच प्रयत्न करतात आणि निघून जातात. एका ठिकाणच्या नोंदी पाहणाऱ्याला वाटते, कोणीतरी चुकून नंबर लावला असेल. आणि नेमके इथेच तक्रार नोंदवण्याचे महत्त्व सुरू होते.

दोन इथे, तीन तिथे

साथरोगाचेही असेच असते. एका दवाखान्यात आठवड्यात जुलाबाचे दोन रुग्ण आले, तर डॉक्टरला त्यात विशेष काही वाटत नाही. शेजारच्या तिघा डॉक्टरांकडेही दोन-तीन आलेले असतात. सगळ्यांचे आकडे एका टेबलावर आले, की मगच कोणाच्या तरी लक्षात येते, की हे सारे एकाच जलवाहिनीच्या टप्प्यातले आहेत. त्यासाठीच २००४ मध्ये देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. आरोग्यसेवक, डॉक्टर आणि प्रयोगशाळा यांनी दर आठवड्याला भरायचे एस, पी आणि एल अर्ज त्यातूनच आले. ते भरताना कपाळावर आठ्या न आलेला वैद्यकीय अधिकारी विरळा. पण साथ लवकर कळते ती त्या अर्जांमुळेच. आता हे काम ऑनलाइन झाले आहे, आठ्या मात्र तशाच आहेत.

संगणकाच्या जगात याचे एक चांगले उदाहरण २००१ चे आहे. जोहानेस उलरिच या तंत्रज्ञाने आदल्या वर्षाच्या अखेरीस ‘डीशील्ड’ नावाची सोय सुरू केली होती. कोणीही आपल्या फायरवॉलवरच्या नोंदी तिथे पाठवायच्या, बाकी काही नाही. २२ मार्च २००१ रोजी जगभरच्या नोंदींत एकाच प्रकारचे ठोके अचानक वाढलेले दिसले. सगळे ५३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संकेतस्थळांची नावे सांगणाऱ्या सर्व्हरच्या दारावर. सुटे पाहिले असते तर कोणीही दुर्लक्ष केले असते. एकत्र दिसले म्हणून विचारणा झाली. नेदरलँड्समधल्या एका व्यवस्थापकाच्या यंत्रात तो प्रोग्राम सापडला, त्याने नमुना पाठवला, आणि पहिली वाढ दिसल्यापासून १४ तासांत सुमारे दोन लाख लोकांना इशारा गेला. त्या ‘लायन’ नावाच्या संगणकी किड्याची साथ तिथेच आटोक्यात येऊ लागली. नमुना, निदान, इशारा, सगळे चौदा तासांत. कुठल्याही जिल्हा साथरोग अधिकाऱ्याला हेवा वाटावा.

काळ्या याद्याही अशाच साठलेल्या अनुभवातून बनतात. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची पहिली अशी यादी सुरू केली. पुढच्या वर्षी स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये ‘स्पॅमहॉस’ची स्थापना केली, आणि आज जगातल्या असंख्य ईमेल सेवा तिच्या याद्या विचारात घेतात. ईमेल आली की घेणारा सर्व्हर पाठवणाऱ्याच्या पत्त्याचे चार आकडे उलट क्रमाने लावून यादीला विचारतो: हा तुमच्याकडे आहे का? उत्तर क्षणार्धात येते. ‘आहे’ आले तर पत्र दारातूनच परत जाते, किंवा थेट स्पॅमच्या खणात पडते. लॉगिनचे ठोके मारणाऱ्यांसाठीही याद्या आहेत. ‘अब्यूज-आयपीडीबी’ ही त्यातली एक. जगभरचे लोक तिथे तक्रारी नोंदवतात, आणि त्यावरून प्रत्येक पत्त्याला शून्य ते शंभर असा संशयाचा आकडा मिळतो.

या याद्यांचा फटका निरपराधालाही बसतो. समजा, डोंबिवली-कोपर भागातली एक छोटी लॅब आहे. रिपोर्ट ती स्वतःच्याच संगणकावरून थेट ईमेलने पाठवते. एके दिवशी रुग्णांचे फोन येऊ लागतात, रिपोर्ट मिळाला नाही म्हणून. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाचा रिपोर्ट स्पॅमच्या खणात पडून राहणे ही केवळ गैरसोय नसते. शोध घेतला तर दोन कारणे निघू शकतात. एक, काउंटरवरच्या संगणकात कोणीतरी शिरले आहे आणि लॅब बंद झाल्यावर रात्री तोच संगणक हजारो स्पॅम पाठवतो आहे. दोन, लॅबचा काहीच दोष नाही. तिला मिळालेला पत्ता घरगुती ब्रॉडबँडच्या पट्ट्यातला आहे, आणि अशा पट्ट्यांतून थेट आलेली ईमेल बहुतेक सर्व्हर मुळातच घेत नाहीत. दुसऱ्या कारणावर उपाय सोपा: ईमेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फतच पत्रे पाठवायची. पहिल्या कारणाच्या बाबतीत मात्र लोक उलट्या क्रमाने जातात. आधी यादीतून नाव काढा म्हणून अर्ज करतात. नाव निघतेही. मग त्या रात्री पुन्हा स्पॅम सुटतो आणि नाव पुन्हा चढते. तापाची गोळी देऊन पू तसाच ठेवल्यासारखे हे झाले. आधी संगणक जाळ्यातून काढा, साफ करा, सगळे पासवर्ड बदला. नाव काढण्याचा अर्ज शेवटी.

तक्रार कोणाकडे

आपल्या दारावर ठोके पडत आहेत हे दिसले, तर काय करावे? उलट हल्ला करू नये, हे आधी. परक्या यंत्रात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे, समोरचा चोर असला तरी. आणि तो चोर असेलच असे नाही, हे वर आलेच आहे. तो बहुधा कुठल्या तरी गावातला पासवर्ड न बदललेला डीव्हीआर असतो.

प्रत्येक पत्त्याचा गठ्ठा कोणत्या कंपनीकडे आहे, याची नोंद खुली असते. आशिया-प्रशांत भागातल्या गठ्ठ्यांची मुख्य नोंदवही ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन इथल्या ‘एपीनिक’कडे आहे. भारतातल्या कंपन्यांसाठी ‘आयआरआयएनएन’ ही देशातली नोंदणी संस्था आहे. त्या नोंदीत गैरवापराची तक्रार कोणत्या ईमेलवर करायची तेही दिलेले असते. अशा पेटीचे नाव ‘अब्यूज’ असावे, हा संकेत १९९७ पासून चालत आला आहे. काही पेट्या कोणी उघडत नाही, हेही खरे. काही कंपन्या तर तक्रारींकडे दुर्लक्ष करण्याचेच भाडे घेतात. पण बऱ्याच कंपन्या आपल्या ग्राहकाला कळवतात, आणि त्या ग्राहकाला आपला डबा बाधित आहे हे बहुधा तेव्हाच पहिल्यांदा समजते.

तक्रार उपयोगी ठरते की नाही, हे ती लिहिणाऱ्यावर अवलंबून असते. ‘तुमच्या पत्त्यावरून आमच्यावर हल्ला होत आहे, कारवाई करा’ हे पत्र म्हणजे ‘पोटात दुखते’ एवढेच सांगणारा रुग्ण. कोणता पत्ता, कोणत्या पोर्टवर, किती वेळा, कोणत्या नावाने लॉगिनचा प्रयत्न झाला, आणि तो साधला की नाही, हे लिहावे. नोंदीतल्या मूळ ओळी जशाच्या तशा द्याव्यात. रुग्णांची नावे किंवा क्रमांक त्यात येत असतील तर आधी काढावेत. तक्रार करताना आपणच माहिती फोडायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, वेळ. भारतीय प्रमाणवेळ की जागतिक वेळ हे स्पष्ट लिहावे, कारण दोन्हींत साडेपाच तासांचे अंतर आहे. खाट बदलायला तेवढा वेळ पुरतो. रुग्णालयांत या बाबतीत आनंदच असतो. ईसीजीच्या पट्टीवर छापलेली तारीख खरी असेल याची हमी कोण देतो? सर्व्हरचे घड्याळ दहा मिनिटे मागे असेल, तर तक्रारीतला माणूस चुकतो.

सरकारी बाजूला ‘सर्ट-इन’ ही संस्था आहे. तिचाही जन्म २००४ चाच. २८ एप्रिल २०२२ रोजी तिने काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते, आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. घड्याळे राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवावीत, असेही त्यात आहे. सहा तासांवरून उद्योगांनी बरीच कुरकूर केली. घड्याळाच्या कलमाची फारशी चर्चा झाली नाही, आणि एखाद्या छोट्या रुग्णालयासाठी सर्वांत स्वस्त आणि उपयोगी कलम तेच आहे. सर्ट-इनचेच ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २१ फेब्रुवारी २०१७ पासून सुरू आहे. बाधित यंत्रांचे पत्ते ते इंटरनेट कंपन्यांना कळवते, कंपन्या ग्राहकांना कळवतात, आणि यंत्र साफ करण्याची साधने केंद्राकडून फुकट मिळतात. पैसे गेले असतील तर मात्र पत्रे लिहीत न बसता आधी १९३० वर फोन करावा.

लक्षण, निदान आणि वाद

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधली संगणक यंत्रणा खंडणीखोर प्रोग्रामने बंद पाडली. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टीबी डेटा कुलूपबंद झाला. जाळ्याचे नीट विभाग पाडलेले नव्हते, हे कारणही सरकारनेच सांगितले. संसर्गजन्य रुग्णांचा वॉर्ड वेगळा नसण्यासारखे. नोंदणी, नमुने, रिपोर्ट, सगळे कित्येक दिवस कागदावर आले. ज्यांनी त्या रांगा पाहिल्या त्यांना हा विषय तंत्रज्ञांवर सोडून द्यावासा वाटणार नाही.

पण भीती खरी असली म्हणून प्रत्येक आरोप खरा ठरत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये, मुंबईतल्या घटनेच्या महिनाभर आधी, जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठ रुग्णालयावर असाच हल्ला झाला. तातडीच्या एका वृद्ध महिलेला तिथे घेता आले नाही, रुग्णवाहिका वुपरटाल शहराकडे वळवली, आणि ती महिला दगावली. सायबर हल्ल्याने घेतलेला पहिला बळी, असे जगभर छापून आले. सरकारी वकिलांनी तपास केला आणि निष्कर्ष काढला, की तिची प्रकृतीच इतकी ढासळली होती, की त्या विलंबामुळेच मृत्यू झाला असे सिद्ध करता येत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिणाऱ्या कोणालाही ही अडचण ओळखीची वाटेल. सोबत असणे म्हणजे कारण असणे नव्हे.

१२ ऑक्टोबरच्या वादातही मुद्दा हाच होता. त्या दिवशी राऊत यांनी सांगितलेले कारण तांत्रिक होते: महापारेषणच्या कळवा-पडघा ४०० केव्ही केंद्रात एका सर्किटची देखभाल चालू होती, भार दुसऱ्या सर्किटवर होता, आणि त्यातही बिघाड झाला. कळवा आणि पडघा, दोन्ही ठाणे जिल्ह्यातली ठिकाणे, कोपरकरांच्या रोजच्या ऐकण्यातली. मग मार्चमध्ये सायबर विभागाचा अहवाल आला. त्याच्या आदल्याच दिवशी ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी कंपनीने भारताच्या वीज क्षेत्रातल्या दहा संस्थांना चीनशी संबंध असलेल्या ‘रेडएको’ गटाने लक्ष्य केल्याचे म्हटले होते. पण मुंबईची वीज त्यामुळेच गेली, या दाव्याला पुरावा मिळालेला नाही, असे त्याच कंपनीने लिहून ठेवले होते. हे वाक्य मथळ्यांत आले नाही. २ मार्चला केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, की वीज मानवी चुकीमुळे गेली, सायबर हल्ल्यामुळे नव्हे.

केंद्र आणि राज्यात वेगळ्या पक्षांची सरकारे होती, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या सोयीचा निष्कर्ष उचलला. डॉक्टराच्या नजरेने अहवालातला तिसरा मुद्दा पाहिला, तर तो लक्षण आहे, निदान नाही. काळ्या यादीतल्या पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न होणे म्हणजे खिडकीच्या जाळीवर डास बसणे. ठाण्यात कुठल्या घराच्या जाळीवर डास नाही? इंटरनेटला जोडलेल्या कोणत्याही सर्व्हरवर असे ठोके रोज पडतात. ते पडलेच नाहीत असा अहवाल आला असता, तर उलट नोंदी ठेवणाऱ्यावर शंका घ्यावी लागली असती. मलेरिया झाला की नाही हे ठरते ते रक्ताच्या काचपट्टीवर. इथली काचपट्टी म्हणजे आतल्या यंत्रांच्या नोंदी: एखादा प्रयत्न यशस्वी झाला का, आणि त्यानंतर आतले एखादे यंत्र स्वतःहून त्या पत्त्यांशी बोलू लागले का?

या दुसऱ्या प्रश्नाची दखल केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १ मार्चच्या निवेदनात घेतली होती. सर्ट-इनने १९ नोव्हेंबर २०२० रोजी काही नियंत्रण केंद्रांमध्ये ‘शॅडोपॅड’ या घुसखोर प्रोग्रामचा धोका कळवला होता. १२ फेब्रुवारी २०२१ रोजी देशाच्या महत्त्वाच्या यंत्रणांचे रक्षण करणाऱ्या दुसऱ्या केंद्रीय संस्थेने ‘रेडएको’बद्दल पत्र पाठवून त्यासोबत पत्त्यांची यादी दिली. निवेदनानुसार, यादीतले सगळे पत्ते नियंत्रण केंद्रांच्या फायरवॉलवर अडवण्यात आले, यंत्रे तपासून साफ करण्यात आली, आणि आतून त्या पत्त्यांच्या दिशेने जोडणीचा काही प्रयत्न होतो का, यासाठी फायरवॉलच्या नोंदींवर नजर ठेवण्यात आली.

दिशा आतून बाहेर होती, हे यातले लक्षात घेण्यासारखे. बाहेरून आत येणारे ठोके शेकड्याने असतात. आतला संगणक रात्री अडीच वाजता, लॅबला कुलूप असताना, काळ्या यादीतल्या पत्त्याला स्वतःहून हाक मारतो, तेव्हा एकच ओळ पुरते. बऱ्याचशा राउटरमध्ये ही नोंद ठेवण्याची सोय असते. बहुतेक ठिकाणी ती बंद असते, आणि चालू करायला दहा मिनिटे लागतात.